पेट्रोल कुठं अडलं?

मोटारीतून लांबचा प्रवास पहिल्यांदा कुणी केला, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गॉगल लावलेला, मिशा पिळलेला एखादा साहेब येईल. प्रत्यक्षात तो मान एका बाईचा आहे. आणि इंधनाच्या नळीत अडकलेला कचरा रस्त्यातच काढून गाडी पुढं नेल्याची जी पहिली हकिकत मोटारीच्या इतिहासात सांगितली जाते, तीही त्याच बाईची.

१८८८ सालचा ऑगस्ट महिना. जर्मनीतलं मानहाइम शहर. कार्ल बेन्झ नावाच्या इंजिनिअरनं अडीच वर्षांपूर्वी, २९ जानेवारी १८८६ रोजी, आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पण गाडी विकत घ्यायला कुणी पुढं येत नव्हतं. त्याची बायको बर्था तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. लग्नाआधीच तिनं आपल्या हुंड्याचा पैसा या माणसाच्या धंद्यात घातलेला. एके दिवशी पहाटे, नवरा झोपेत असताना, बर्थाबाईंनी पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड या मुलांना बरोबर घेतलं, गाडी बाहेर काढली आणि माहेरची वाट धरली. माहेर फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभर किलोमीटरहून थोडं जास्तच.

पेट्रोल पंप ही चीज तेव्हा जगात नव्हती. वीसलॉख नावाच्या गावात बर्थाबाई औषधाच्या दुकानात शिरल्या आणि लिग्रोइन मागितलं. कपड्यांवरचे डाग काढायला तेव्हा हे द्रव्य वापरत. त्यावर गाडी पुढं चालली. वाटेत इंजिन बंद पडलं. इंधनाची नळी चोंदली होती. बाईंनी टोपीला लावलेली लांब पिन काढली आणि नळी साफ केली. पुढं ठिणगीच्या तारेचं आवरण गेलं, तेव्हा पायमोज्याचा बंद तिथं गुंडाळला. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना कातडं ठोकून घेतलं. संध्याकाळी तिघं माहेरी पोचले आणि कार्लला तार गेली.

ही गोष्ट अनेकदा धाडसाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मला त्यातली टोपीची पिन जास्त महत्त्वाची वाटते. बाईंनी सगळं इंजिन उघडलं नाही. पेट्रोल कुठून निघतं, कुठं जातं आणि मधे कुठं अडलं, एवढंच पाहिलं. जुन्या मोटारीच्या इंधनाचा बिघाड शोधायची रीत त्या दिवशी जी होती, तीच आजही आहे. बदललं ते टाकीतलं द्रव्य. आणि ते का बदललं, कुणी बदललं, त्याची किंमत कुणी मोजली, हा इतिहास एका पिनेनं साफ होण्यासारखा नाही.

बेन्झच्या गाडीत इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जात असे आणि जाताना वाफ घेऊन जात असे. ओल्या अंगणावरून वारा जातो तसं. यात एक अडचण होती. हलका भाग आधी उडून जाई आणि जड भाग तळाशी राही. सकाळी तरतरीत असलेलं इंजिन दुपारी सुस्त होई. १८९३ साली यावर उतारा सापडला. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी, आणि जर्मनीत विल्हेल्म मायबाखनं, बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा उडवणारी रचना केली. बुडापेस्टच्या जोडीबद्दल एक आख्यायिका आहे. रस्त्यावर फुलं विकणारी एक मुलगी तोंडातून फुलांवर पाण्याचे तुषार उडवत होती, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण आपल्याकडच्या इस्त्रीवाल्याला तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फुर्रकन उडवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना कार्बोरेटर समजावून सांगावा लागत नाही.

तरीही थोडं सांगतो. इंजिन हवा ओढतं. ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते. गळा अरुंद झाला की हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब कमी होतो. इटलीचे व्हेंतुरी हे भौतिकशास्त्रज्ञ अठराव्या शतकाच्या अखेरीस हे सांगून गेले होते. त्या कमी दाबामुळं शेजारच्या वाटीतलं पेट्रोल एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर खेचलं जातं आणि त्याचे तुषार होतात. वाटीतली पातळी सारखी ठेवायला एक तरंगता गोळा असतो. आपल्या घरातल्या पाण्याच्या टाकीत असतो, तसाच. पातळी वर आली की गोळा वर येतो आणि सुई छिद्र बंद करते. बस्स. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला सुमारे नऊ हजार लिटर हवा. हा हिशेब कुठलाही संगणक न वापरता, एक गोळा, एक सुई आणि केसाएवढी दोन-चार छिद्रं यांच्या भरवशावर जगानं जवळजवळ शंभर वर्षं सांभाळला.

आता प्रश्न उरला तो टाकीतून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल न्यायचा. सुरुवातीला सरळ उपाय होता. टाकी वर, कार्बोरेटर खाली. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये टाकी पुढच्या सीटखाली होती आणि पेट्रोल आपोआप उतरत असे. पण टाकी अर्धी रिकामी आणि समोर खडा चढ आला, की इंजिनाचं तोंड टाकीपेक्षा उंच जाई आणि पेट्रोल पोचत नसे. लोकांनी यावर नामी तोड काढली. गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचा! अमेरिकेतल्या डोंगराळ रस्त्यांवर गाड्या अशा पाठमोऱ्या चढत असत. पुढं इंजिनाच्याच ओढीनं पेट्रोल वर खेचणाऱ्या छोट्या टाक्या आल्या. पण लांब चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की नेमकी ती ओढच कमी पडे. मग १९२०च्या दशकाच्या अखेरीस पडद्याचा पंप आला. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी हलवतो, दांडी पडदा खालीवर करते आणि दोन छोट्या झडपांमधून पेट्रोल पुढं सरकतं. आपल्याकडच्या फियाटला आणि अँबॅसिडरला हाच पंप होता.

प्रत्येक उपायातून नवा बिघाड जन्माला येतो. पंप इंजिनाला चिकटून बसला आणि इंजिन तापलं की पंपही तापू लागला. पेट्रोल हे एकजिनसी द्रव्य नाही. त्यातले काही हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. नळीत वाफेचा बुडबुडा झाला की पंप वाफच दाबत बसतो आणि पेट्रोल पुढं जात नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. मे महिन्याच्या दुपारी बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आठवेल: काही गाड्यांच्या रेडिएटरमधून वाफ निघत असायची, तर काही गाड्या दिसायला अगदी शांत असायच्या, पण सुरू होत नसायच्या. त्या दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर ओलं फडकं पंपावर ठेवून बिडी ओढायला लांब जाऊन बसत. वीस मिनिटांनी गाडी सुरू होई. ओलं फडकं हे या रोगावरचं खरंखुरं औषध होतं.

माझं लहानपण जिथं गेलं, त्या मोहल्ल्याच्या टोकाला एक गॅरेज होतं. पत्र्याचं छप्पर, तेलानं काळी झालेली जमीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बिघाड शोधताना त्यांचा क्रम कधी चुकत नसे. हाताखालच्या पोरांना ते सांगत, ‘‘पैले देखो, बाद में खोलो.’’ तो क्रम मी इथं माझ्या शब्दांत सांगतो. कारण तो एका उस्तादांचा नव्हता. मुंबईच्या कुर्ल्यापासून मिरजेच्या स्टँडापर्यंत सगळ्या गॅरेजांत तो तोंडी चालत आला होता.

पहिली गोष्ट, गाडी ठिणगीमुळं बंद पडली की पेट्रोलमुळं, हे ठरवायचं. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात पाहायचं आणि हातानं ॲक्सिलरेटर ओढायचा. आत पेट्रोलची पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. मग प्लग आणि पॉइंटकडं वळायचं. पिचकारी नाही उडाली, तर मागं मागं जायचं. पंपातून कार्बोरेटरकडं जाणारी नळी सोडवून बाटलीत धरायची आणि इंजिन फिरवायचं. पेट्रोल थबकत थबकत, पण जोरात आलं तर पंप ठीक आहे, अडथळा पुढं आहे. आलंच नाही तर अडथळा पंपात किंवा टाकीकडं. टाकीचं झाकण उघडताना ‘सूं’ असा आवाज झाला तर बाकी काही शोधायची गरज नाही. झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल बाहेर जातंय, हवा आत येत नाही, म्हणून टाकीच पेट्रोल धरून ठेवतेय. एवढ्याशा भोकापायी लोकांनी नवे पंप विकत घेतलेत.

पंपाचा पडदा फाटला असेल तर त्याची खूण वेगळ्याच जागी मिळते. ऑइलची पट्टी काढून हुंगायची. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल खाली इंजिनात झिरपतंय. अशी गाडी एक किलोमीटरही पुढं न्यायची नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं. गाडी चोक ओढला तरच चालते, चोक आत सारला की मिसिंग मारते, अशी तक्रार असेल तर जेटमध्ये कचरा आहे किंवा मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून चोरून हवा शिरतेय. उलट धूर काळा, प्लग काळा आणि पेट्रोलचा वास सगळीकडं, तर सुई नीट बसत नाही किंवा तरंगत्या गोळ्यात पेट्रोल शिरून तो बुडालाय. अशा वेळी गोळा कानाशी धरून हलवायचा. आत खळखळलं की निदान झालं. जेट साफ करायला तार घालायची नाही, छिद्र मोठं होतं. फुंकर मारायची.

आणि इथंच मला थांबावं लागतं. कारण ती फुंकर पोरं तोंडानं मारत. एका गाडीतून दुसरीकडं पेट्रोल काढायचं तर रबरी नळीचं एक टोक टाकीत आणि दुसरं तोंडात. ओढता ओढता घोट जायचाच. दिवसभराचं काम संपलं की काळे झालेले हात धुवायला पेट्रोल वापरायचं, कारण साबणाला ते ऐकत नसत. ही पोरं दहा-बारा वर्षांची असत. आणि त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं.

ते शिसं तिथं कसं आलं, तो इतिहास असा. इंजिन जोरात चालवताना आत खडखड असा आवाज येतो, मिस्त्री त्याला इंजिन ‘नॉक’ करतंय म्हणतात. पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न पाहता भलत्याच वेळी आपोआप पेटल्याची ती खूण. १९२१च्या डिसेंबरात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली या संशोधकाला आढळलं की, टेट्राएथिल लेड नावाचं शिशाचं संयुग थोडंसं मिसळलं की ही खडखड थांबते. अल्कोहोल मिसळूनही ती थांबते, हेही तेव्हा ठाऊक होतं. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो; त्याचं पेटंट कोण देणार? १९२३च्या फेब्रुवारीत शिसंयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. जाहिरातीत ‘शिसं’ हा शब्द नव्हता. ‘एथिल’ असं गोंडस नाव होतं.

१९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीमधल्या बेवे इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जण मरण पावले, कितीतरी इस्पितळात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजली यांनी वार्ताहर बोलावले आणि सगळ्यांसमोर त्या द्रवानं हात धुतले. बाटली नाकाशी धरून वास घेतला. काही होत नाही, असं दाखवायला. हे संयुग कातडीतून शरीरात जातं. आणि आदल्याच वर्षी मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेनं आजारी पडून विश्रांतीला गेले होते. अमेरिकेत त्यांनी ज्या द्रवानं हात धुतले, त्याचाच अंश असलेल्या पेट्रोलनं आमच्या गल्लीतली पोरं रोज संध्याकाळी हात धूत होती. त्यांच्यासमोर वार्ताहर नव्हते.

शिशाविरुद्ध लढणाऱ्यांत क्लेअर पॅटरसन हे नाव आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही. हे भूरसायनशास्त्रज्ञ. अशनीतलं शिसं मोजून त्यांनी पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षांहून थोडं अधिक असल्याचं १९५६ साली सिद्ध केलं. पण मोजणी करताना प्रयोगशाळेत जिथं तिथं शिसं सापडू लागलं. हवेत, धुळीत, माणसांच्या अंगावर. ते कुठून आलं याचा माग काढत ते मोटारीच्या धुरापर्यंत पोचले आणि १९६५ साली त्यांनी ते उघडपणे मांडलं. पुढची दोन दशकं उद्योगाशी झगडण्यात गेली. अमेरिकेत रस्त्यावरच्या मोटारींसाठी शिसंयुक्त पेट्रोल १९९६च्या सुरुवातीला पूर्ण बंद झालं. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद झालं. जगात सर्वांत शेवटी, जुलै २०२१ मध्ये, अल्जीरियानं ते थांबवलं. एक खडखड बंद करायला घातलेला उपाय जगातून काढायला शंभर वर्षं लागली.

आपल्याकडच्या गाड्यांना आणखी एक रोग होता. तो कुठल्याही परदेशी पुस्तकात नव्हता. त्याचं नाव भेसळ. रेशनच्या दुकानात गरिबासाठी स्वस्त, निळं रॉकेल मिळे आणि पंपावर पेट्रोल महाग. या दोन भावांच्या मधल्या फटीत एक मोठा धंदा उभा राहिला. रॉकेल मिसळलेलं पेट्रोल नीट जळत नाही. प्लग काळे पडतात, इंजिन नॉक करतं, पिकप जातो, आतल्या बाजूला कार्बनचा थर बसतो. गाडीवाला मिस्त्रीला बोल लावतो, मिस्त्री कार्बोरेटर पुन्हा उघडतो. बिघाड मात्र टाकीत भरलेला असतो. याची साधी परीक्षा आहे. फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकायचा. शुद्ध असेल तर डाग न ठेवता उडून जातो. हा कागद पंपावर ठेवणं बंधनकारक आहे आणि ग्राहक तो मागू शकतो. किती जण मागतात?

या रोगानं माणसंही मारली आहेत. नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांनी भेसळ करणाऱ्या पंपाविरुद्ध कारवाई केली, म्हणून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आणि २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, आपल्या मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाच्या काळ्या धंद्यातल्या लोकांनी भर दिवसा पेटवून दिलं. रस्त्यात गाडी थांबवून ते खाली उतरले होते. चोरी कुठं होतेय हे डोळ्यांनी पाहायला. बिघाड शोधणारा माणूस नेहमी उगमाकडं जातो. सोनवणे तसेच गेले होते.

शिसं गेलं त्याच सुमारास कार्बोरेटरही गेला. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीनं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोटारीत आणलं होतं. आपल्याकडं १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या नव्या मोटारींना युरो मानकांची मुदत घालून दिली आणि केसाएवढ्या छिद्रांचं राज्य आटोपलं. एका मागोमाग एक कंपन्या इंजेक्शनकडं वळल्या. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल अडलं तर संगणक सांगतो. ते चांगलंच आहे. धूर कमी झाला, पेट्रोल वाचलं. पण गल्लीतल्या उस्तादांचा कान आणि नाक यांना त्या गाडीत काम उरलं नाही.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं उदाहरण घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. १९६४ साली अकराशे डिलाइट आली. १९७०च्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. पंप, कार्बोरेटर, नळ्या, सगळं डोळ्यांनी दिसणारं. म्हणून रस्त्याच्या कडेला दुरुस्त होणारं. पुढं या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या हिशेबानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही.

घरगुती पद्मिनी मात्र अजून आहेत. काही जणांनी वडिलांची आठवण म्हणून ठेवल्यात, काही जणांनी हौसेनं जुन्या विकत घेतल्यात. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. या गाड्यांपुढं आज नवाच प्रश्न उभा आहे, आणि तो पुन्हा टाकीतलाच आहे.

गंमत अशी की मिजलींच्या काळी जो उपाय बाजूला पडला, तो अल्कोहोल आता परत आलाय. २००१ साली भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले पथदर्शी प्रयोग झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रात होते: मिरजेत आणि मनमाडमध्ये. २००३ साली काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झालं. २०२२ साली देशानं दहा टक्के गाठले. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के मिश्रणाचं पेट्रोल बाजारात आलं आणि २०२५ साली ते देशभर पोचलं. त्याविरुद्धची याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. ऊसवाल्या जिल्ह्यांना याचा फायदा आहे, तेलाची आयात कमी होते, हे सगळं खरं. शिशापेक्षा इथेनॉल कितीतरी बरं, हेही खरं.

पण पद्मिनीच्या रबराला हे कुणी विचारलं नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं. पंपाचा पडदा, नळ्या, पॅकिंग सगळं खातं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा राप ते सोडवतं आणि तो सगळा जेटमध्ये येऊन बसतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं. जुने जेट ठरलेल्या मापाचे, त्यामुळं मिश्रण हलकं होतं. गाडी ओढत नाही, अडखळते, तापते. मालक म्हणतो, कार्बोरेटर बिघडला. कार्बोरेटर जसा होता तसाच आहे. पेट्रोल बदललंय.

म्हणून ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे, त्यांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्या. आता ते मिळतात. टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे कचरा डोळ्यांना दिसेल. गाडी फार काळ उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपवून ठेवा. नळी कुठं पाझरतेय का हे महिन्यातून एकदा बोट फिरवून पाहा आणि गाडीत आग विझवायचं छोटं सिलिंडर ठेवा.

पाचवी गोष्ट गाडीची नाही. गॅरेजमध्ये गाडी नेलीत आणि तिथलं पोरगं नळी तोंडाला लावताना दिसलं, तर त्याला थांबवा. शिसं गेलं, पण पेट्रोलमध्ये बेंझीन अजूनही असतं. मानकांप्रमाणं एक टक्क्यापर्यंत असू शकतं, आणि त्यानं रक्ताचा कर्करोग होतो. पेट्रोल काढायचा हातपंप बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मिळतो. जेट साफ करायला हवेचा पंप आहे, हात धुवायला साबणाची पेस्ट आहे. या तीन वस्तू मालकानं आणून दिल्या नसतील, तर आपण आणून द्याव्यात आणि शक्य झालं तर तो मुलगा कुठल्या शाळेत जातो, हेही विचारावं.